सावजीचं मटण आणि निळा डाग

नागपुरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ नावाची एक साधी तपासणी होते. शौचात मिसळलेलं, डोळ्यांना न दिसणारं रक्त ती शोधते. तिचं कूळ मात्र कॅरिबियन बेटांवरच्या ग्वायाकम झाडापर्यंत जातं. सोळाव्या शतकात त्याचं लाकूड गरमीचं औषध म्हणून युरोपात पोचलं. गरमी काही हटली नाही, पण झाडाची राळ कामाला आली. 1860 च्या दशकात ग्रोनिंगेनच्या व्हॅन डीन यांनी तिच्यावरून रक्त ओळखून दाखवलं: रक्त असेल तर योग्य रसायनाच्या जोडीने राळ निळी होते. 1901 मध्ये बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी ही खूण पोटातल्या कर्करोगाच्या शोधासाठी वापरली.

तरीही ती दवाखान्यातच अडकली होती. ओहायोच्या डेव्हिड ग्रीगर यांनी 1967 मध्ये मांडलेली युक्ती इतकी सोपी, की आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. राळ लावलेला कागद धडधाकट माणसाच्या घरी द्यायचा, त्याने सलग काही दिवस त्यावर नमुना लावायचा आणि कागद परत करायचा. मिनेसोटात 46,551 लोकांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1993 मध्ये आला: दरवर्षी तपासणी झालेल्या गटात आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटले.

हा कागद नागपुरात मात्र फार अडचणीत येतो. राळेला माणसाचं रक्त आणि बोकडाचं रक्त यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आदल्या दिवशीचं सावजी मटणही निळं उमटू शकतं. कच्च्या मुळ्यानेही ती फसते. उलट ‘क’ जीवनसत्त्व भरपूर गेलं तर खरं रक्त असूनही रंग येत नाही. ऐन हंगामात ‘तीन दिवस संत्रं नको’ असं नागपूरकराला सांगून पाहावं!

ही पथ्यं सुटली ती माणसाच्याच हिमोग्लोबिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांमुळे. या नव्या चाचणीला ‘फिट’ म्हणतात. जठरातून आलेलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, म्हणून ती मुख्यतः मोठ्या आतड्यातल्या रक्ताचा माग लावते. जपानने 1992 मध्ये ती देशभर लागू केली.

आपल्याकडे 2016 च्या सरकारी आराखड्यानुसार तिशीपुढच्यांची कर्करोग तपासणी ठरली ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची. आतडं त्यात नाही. माझ्या मते हा क्रम बरोबरच आहे. नागपुरात 1980 पासून कर्करोगाची नोंदवही आहे, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणाऱ्या या शहरात तोंडाचा कर्करोग शोधायला नोंदवहीचीही गरज नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आतड्याचा कर्करोग भारतात बराच कमी.

दुसरं कारण अधिक व्यवहाराचं. तोंड टॉर्चच्या उजेडात पाहता येतं, गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून प्रशिक्षित नर्सही तपासू शकते. कागद मात्र फक्त ‘रक्त आहे’ एवढंच सांगतो. ते मूळव्याधीचं असेल, आतड्यातल्या गाठीचं असेल किंवा कर्करोगाचं. त्याचा निकाल कोलोनोस्कोपीनेच लागतो, आणि आशाताईच्या पिशवीत कागद मावला तरी ती दुर्बीण आणि ती चालवणारा डॉक्टर मावत नाही.