नाव ठेवले, मग नावे ठेवली

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे; अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे. बारशाला आपण नाव ठेवतो आणि बारशाचे जेवण जेवून परतताना नावे ठेवतो! एकाच माणसाने एकाच प्राण्याच्या बाबतीत ही दोन्ही कामे करावीत, असा योग विरळाच. तो प्राणी म्हणजे अंध व्यक्तीला वाट दाखवण्यासाठी मुद्दाम पैदा केलेला कुरळ्या केसांचा कुत्रा, आणि तो माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरॉन. गोष्ट १९८९ सालची आहे. पण ती नीट समजण्यासाठी आपल्याला आधी थोडे मागे जावे लागेल.

पाण्यावरून पडलेली नावे

युरोपात कुरळ्या केसांचे कुत्रे शतकानुशतके पाण्यातल्या कामासाठी पाळले जात. शिकाऱ्याने पाडलेले बदक तळ्यातून काढून आणायचे, कोळ्याच्या होडीवरून उडी मारून सुटलेले जाळे ओढून आणायचे, अशी ही कामे. दाट कुरळ्या केसांच्या गुंत्यात हवा अडकून राहते आणि गार पाणी कातडीपर्यंत लवकर पोचत नाही. म्हणजे कुरळे केस ही या कुत्र्यांची शोभा नव्हती, तो त्यांचा कामावरचा पोशाख होता.

कार्ल लिनियसने १७५८ साली 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कुत्र्याला 'कॅनिस फॅमिलिॲरिस' हे शास्त्रीय नाव दिले. त्याखाली त्याने कुत्र्यांचे काही प्रकारही नोंदवले. त्यांपैकी एकाला त्याने 'ॲक्वॅटिकस', म्हणजे 'पाण्यातला', असे म्हटले आणि मेंढीसारखे लांब कुरळे केस ही त्याची खूण सांगितली. नाव कामावरून आणि ओळख केसांवरून, अशी ही विभागणी आहे.

लोकभाषांनीही तेच केले होते. जर्मन भाषेत 'पूडेल्न' म्हणजे पाणी उडवत डुंबणे. त्यावरून या कुत्र्याला 'पूडेल' म्हणू लागले. इंग्रजांनी त्याचेच 'पूडल' केले. फ्रेंचांनी पाण्याऐवजी पाण्यातल्या पक्ष्याकडे पाहिले. त्यांच्या भाषेत 'कान' म्हणजे बदकाची मादी. त्यावरून त्यांनी याच कुत्र्याला 'कानिश' म्हटले. पोर्तुगीज कोळ्यांनी आडवळणे न घेता आपल्या कुत्र्याला 'पाण्याचा कुत्रा' या अर्थाचे नाव दिले. आपल्याकडच्या पाणमांजराची आठवण येथे होईल. ते मांजराच्या कुळातले नाही. पण नावातला 'पाण' मात्र अगदी खरा आहे!

अशा नावांचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. ती तपासून पाहता येतात. कुत्रा पाण्यात उतरतो की नाही, हे तळ्याच्या काठी उभे राहून कोणालाही ठरवता येते.

त्यांचा दोष असा, की काम बदलले तरी नाव बदलत नाही. इटलीच्या रोमान्या भागातील कोमाक्कियो परिसरात दलदलींचा विस्तीर्ण प्रदेश होता. तेथील कुरळ्या कुत्र्याचे 'लागोत्तो' हे नाव पाण्यावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकात त्या दलदली मोठ्या प्रमाणावर कोरड्या केल्या गेल्या आणि बदकांबरोबर कुत्र्याचे कामही गेले. पुढे हा कुत्रा जमिनीखाली वाढणारी 'ट्रफल' नावाची महागडी बुरशी हुंगून काढण्यात तरबेज झाला. आज तो रानात माती उकरतो, पण नाव अजून पाण्याचेच लावतो. पूडलचेही तसेच झाले. पोहताना अडचण होऊ नये म्हणून त्याच्या अंगावरचे केस कापत आणि सांधे व छाती उबदार राहावी म्हणून तेथले तेवढे ठेवत, असे परंपरेने सांगतात. काम सुटले आणि ती कापणी केवळ नटवेपणाची खूण होऊन बसली.

हवाईहून आलेली मागणी

अंध व्यक्तींसाठी कुत्र्यांना पद्धतशीर शिक्षण देण्याची सुरुवात पहिल्या महायुद्धात जर्मनीत झाली. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे अशी शाळा निघाली. पुढे अनेक देशांत अशा संस्था उभ्या राहिल्या आणि या कामात लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा विशेष उपयोगी ठरला. तो शांत, मायाळू आणि शिकण्यास उत्सुक असतो. (त्याचे नावही थोडे चुकलेलेच आहे. त्याचे पूर्वज लॅब्राडोर प्रदेशातले नव्हेत, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे!)

वॉली कॉनरॉन हे ऑस्ट्रेलियातील 'रॉयल गाइड डॉग्ज असोसिएशन'च्या व्हिक्टोरिया राज्यातील केंद्रात कुत्र्यांच्या पैदाशीचे काम पाहत. त्यांच्याकडे हवाई बेटांवरील एका अंध महिलेची मागणी आली. तिला वाटाड्या कुत्रा हवा होता. पण तिच्या पतीला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. अडचण क्षुल्लक नव्हती. कुत्रा मिळाला नाही, तर घराबाहेर पडताना तिला कोणाच्या तरी हाताचा आधार घ्यावा लागणार होता.

कॉनरॉन यांना पूडल आठवला, कारण त्याचे केस फारसे गळत नाहीत. कॉनरॉन यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे त्यांनी तीन वर्षांत ३३ पूडल पारखले. एकही वाटाड्याच्या कामाला उतरला नाही. तेव्हा त्यांनी पूडल आणि लॅब्रेडॉर यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ यांचे नमुने हवाईला पाठवण्यात आले. तिघांपैकी एकाच पिल्लाच्या नमुन्यांचा त्या पतीला त्रास झाला नाही. त्या पिल्लाचे नाव सुलतान. तो शिकून तयार झाला, हवाईला गेला आणि त्याने आपले काम चोख बजावले.

येथे शिक्षकांना एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटेल. कॉनरॉन यांनी 'हे पिल्लू पूडलचे आहे, म्हणजे चालेल' असे गृहीत धरले नाही. त्यांनी प्रत्येक पिल्लाची परीक्षा घेतली, आणि तीसुद्धा ज्याला त्रास होणार होता त्याच माणसावर.

नावाची जादू

आता अडचण आली ती निराळीच. वाटाड्या कुत्र्याचे पिल्लू शिक्षण सुरू होण्यापूर्वी वर्षभर एखाद्या कुटुंबात सांभाळायला देतात. माणसांची, रहदारीची, बाजाराच्या गोंगाटाची सवय त्याला तेथे लागते. केंद्राकडे अशा कुटुंबांची यादी तयार होती. पण प्रत्येकाला जातिवंत पिल्लू हवे होते. या संकरित पिल्लांना कोणी घरी नेईना.

तेव्हा कॉनरॉन यांनी 'लॅब्रेडॉर' आणि 'पूडल' हे शब्द एकमेकांत गुंफून 'लॅब्राडूडल' असे नाव जुळवले, आणि खास वाटाड्याच्या कामासाठी नवा कुत्रा तयार झाल्याची बातमी वृत्तपत्रांपर्यंत पोचवण्यास प्रसिद्धी विभागाला सांगितले. बातमी पसरली आणि केंद्रातले दूरध्वनी खणखणू लागले. जी पिल्ले काल कोणालाच नको होती, ती आज सर्वांना हवीशी झाली. त्यांच्या अंगावरचा एक केसही बदलला नव्हता. बदलला होता तो फक्त शब्द.

तो शब्दसुद्धा अगदी कोरा नव्हता. पाण्यावरील वेगाचे विक्रम करणारे ब्रिटिश धाडसी वीर डोनाल्ड कॅम्बेल यांच्या १९५५ सालच्या पुस्तकात आपल्या कुत्र्यासाठी त्यांनी तो वापरलेला आहे. पण तेव्हा तो घरातला गमतीचा शब्द होता. १९८९ साली त्याच्यामागे एक गरज उभी राहिली आणि शब्दाला पाय फुटले.

फळ्यावरचे गणित

लॅब्राडूडल हे नाव खोटे होते का? मुळीच नाही. आई-बाप कोण, एवढे ते प्रामाणिकपणे सांगत होते. ऐकणाऱ्यांनी मात्र त्यात आणखी एक अर्थ भरला: 'ॲलर्जी न होणारा कुत्रा'. हे वचन नावाने दिलेच नव्हते. त्याचा खरेखोटेपणा आता आपण आकड्यांत पाहू.

२००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात कुत्र्यांच्या केसांविषयी एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासातून असे दिसले, की जातिवंत कुत्र्यांच्या केसांतील बहुतेक विविधता केवळ तीन जनुकांच्या जुळणीतून येते. एक जनुक केसांची लांबी ठरवते, दुसरे मिशा व भुवयांचे झुपके आणि तिसरे कुरळेपणा. हे तिसरे जनुक केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातील केराटिन या प्रथिनाचे आहे. त्यात एका अक्षराचा बदल झाला की सरळ केस कुरळे होतात. मराठीतल्या त्या एका मात्रेसारखेच हे आहे!

आता वर्गात फळ्यावर मेंडेलचे चौकोन काढावेत. सोपेपणासाठी असे धरू, की पूडलकडे तिन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती पूडलछाप आहेत आणि लॅब्रेडॉरकडे एकही नाही. पहिल्या पिढीतील प्रत्येक पिल्लाला कुरळेपणाची एकच प्रत मिळेल. हा गुण पूर्ण प्रभावी नसल्याने केस धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत, असे लाटदार होतील. अशा दोन लॅब्राडूडलांची पिल्ले घेतली, तर पूर्ण कुरळ्याची शक्यता १/४, लांब केसांची (हा गुण अप्रभावी आहे) १/४ आणि मिशांच्या झुपक्यांची (हा प्रभावी आहे) ३/४. तिन्ही एकत्र येण्याची शक्यता १/४ × १/४ × ३/४, म्हणजे ३/६४. नाव प्रत्येक पिल्लाचे एकच असले, तरी पूडलचा पुरा पोशाख मिळणार तो वीस-एकवीस पिल्लांत एखाद्यालाच. कॉनरॉन यांचा स्वतःचा अनुभवही काही वेगळा नव्हता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या वेताच्या दहा पिल्लांपैकी तीनच ॲलर्जीच्या परीक्षेत उतरली.

शिवाय ॲलर्जीचे मूळ केसांत नाहीच. ते कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांत आहे. केस हे त्यांचे वाहन एवढेच. २०११ साली अमेरिकेत डेट्रॉईट येथील संशोधकांनी कुत्रा पाळणाऱ्या १७३ घरांतील धूळ तपासली. 'ॲलर्जी न करणारे' म्हणून विकले जाणारे कुत्रे आणि इतर कुत्रे यांच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील अभ्यासात तर अशा कुत्र्यांच्या केसांवर हे प्रथिन उलट जास्तच आढळले, आणि घरातल्या हवेत फरक आढळला नाही. सुलतान त्या घरात चालला, तो त्याची परीक्षा झाली होती म्हणून. तो लॅब्राडूडल होता म्हणून नव्हे.

नावे ठेवण्याची वेळ

पण नावाने एकदा घर सोडले की ते ठेवणाऱ्याचे ऐकत नाही. 'डूडल' हा शब्दाचा तुकडा सुटा होऊन दुसऱ्या जातींना चिकटू लागला आणि गोल्डनडूडल, बर्नडूडल अशी रांग लागली. आई-बापांच्या आनुवंशिक दोषांची तपासणी न करता केवळ नावावर पिल्ले विकणारे व्यापारी पुढे आले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ऑस्ट्रेलियातील काही पैदासकारांना या गर्दीत आपले कुत्रे वेगळे ओळखू यावेत असे वाटले. त्यांनी २०१२ साली 'कॉबरडॉग' हे निराळे नाव पुढे आणले. ऑस्ट्रेलियन बोलीत 'कॉबर' म्हणजे दोस्त. कुरळ्या कुत्र्याचे पुन्हा एकदा बारसे झाले.

२०१९ साली ऑस्ट्रेलियन आकाशवाणीशी बोलताना वृद्ध कॉनरॉन यांनी मोकळेपणाने सांगितले, की हे काम आपल्या आयुष्यातील खंत होऊन बसले आहे. आपण एक राक्षस मोकळा सोडला असे वाटते. ज्याने नाव ठेवले होते, त्यानेच नावे ठेवली.

आम्हांला मात्र वाटते, की त्यांनी स्वतःला एवढा दोष देण्याचे कारण नाही. तीन पिल्लांना घर मिळावे म्हणून ठेवलेले नाव त्या कामापुरते अगदी योग्य होते. चूक झाली ती पुढे. नाव जगभर फिरले. केस आणि लाळेचे नमुने पाठवून घेतलेली परीक्षा मात्र मागेच राहिली. प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही लोकही रोज नावे ठेवतो: पदार्थांना, परिणामांना, रोगांना. नाव मिळाले की गोष्ट कळली असे आम्हांलाही वाटू लागते, आणि तपासणी थांबते ती नेमकी तेथेच.

कुरळ्या कुत्र्याला 'पाण्याचा कुत्रा' म्हणणाऱ्या कोळ्याला हा धोका नव्हता. त्याचे नाव रोज सकाळी होडीवरून पाण्यात उडी मारत होते.