आपल्या मापाची मोजपट्टी



कोविडच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक छोटी चिमटी आली. ती बोटाला लावायची, आकडा बघायचा आणि ९५ दिसला की सुटकेचा श्वास टाकायचा. भारतातल्या आईबाबांनाही आपण रोज फोनवर तोच आकडा विचारत होतो. पण हा आकडा सगळ्यांच्या बोटावर सारखाच खरा असतो का?

गेल्या काही वर्षांत भौतिकशास्त्र, गणित, संगणक, आरोग्य आणि कायदा या वेगवेगळ्या क्षेत्रांतले अभ्यासक या एकाच प्रश्नाशी येऊन पोचले आहेत. मोजपट्टी ज्यांच्यावर बेतली, त्यांच्यापेक्षा वेगळ्या माणसांना ती लागू पडते का? आपण परदेशात राहतो, तिथल्या दवाखान्यात जातो, त्यामुळे हा प्रश्न थेट आपला आहे. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

१. भौतिकशास्त्र : बोटावरची चिमटी

या यंत्राला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. त्यामागची कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडली. यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवते, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेले रक्त लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन नसलेल्या रक्ताचे याच्या उलट असते. दोन्हींच्या प्रमाणावरून यंत्र आकडा काढते.

मात्र अमुक प्रमाण म्हणजे अमुक टक्के हे यंत्राला शिकवावे लागते. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांचे रक्त तपासतात आणि त्यावरून तक्ता बनवतात. हे स्वयंसेवक बहुतांशी गोरे असतील तर तक्ताही त्यांचाच होतो. त्वचेला सावळा रंग देणारे मेलॅनिनसुद्धा प्रकाश शोषते, हे त्यात पुरेसे धरले जात नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचे मोजमाप दिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली निघण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी कोविडच्या रुग्णांची अशीच तुलना केली. अशी लपलेली कमतरता गोऱ्यांपैकी १७.२ टक्के आणि आशियाई रुग्णांपैकी ३०.२ टक्के लोकांत सापडली. या अभ्यासात आशियाई रुग्ण थोडेच होते, तेव्हा नेमक्या आकड्यावर फार भर देऊ नये. पण चूक कोणत्या दिशेची आहे हे स्पष्ट दिसते. यंत्र खोटा धीर देते.

२. गणित : वजन भागिले उंचीचा वर्ग

दुसरी मोजपट्टी आपल्या सर्वांच्या परिचयाची, बीएमआय. वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे गणितज्ञ आदोल्फ केतले यांनी दिले. त्यांना एका रुग्णाची तपासणी करायची नव्हती, समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा, या रेषा पुढे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून ठरल्या.

या विषयातले महत्त्वाचे काम आपल्या पुण्यात झाले आहे, हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हा 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखला जातो.

त्याआधी १९९३ पासून डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला होता. तिथल्या नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान आणि स्नायूंनी किरकोळ होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचे. "आमच्या घरात कोणी जाड नाही, मग मधुमेह कसा?" या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे.

२०२१ मध्ये इंग्लंडमधल्या १४ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून असे दिसले की गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ वरच असतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी हिशेब करून पाहा. गोऱ्याचे वजन सुमारे ८७ किलो, आपले ६९ किलो. फरक तब्बल १८ किलोंचा आहे.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची रेषा २५ वरून २३ वर आणली आहे. ब्रिटनमध्येही आपल्यासाठी २३ आणि २७.५ या रेषा धरतात. १५५ सेंटिमीटर उंचीला २३ म्हणजे सुमारे ५५ किलो आणि १७० सेंटिमीटरला सुमारे ६६ किलो.

३. संगणक : खर्चावरून आजार

अमेरिकेतल्या रुग्णालयांत कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे हे ठरवायला संगणकाचे प्रोग्रॅम वापरतात. अशाच एका प्रोग्रॅमची तपासणी झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. प्रोग्रॅम वंश विचारतच नव्हता. तो उपचारांवर किती खर्च होईल याचा अंदाज बांधत होता आणि जास्त खर्च म्हणजे जास्त आजार असे धरत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत असे, म्हणून ते प्रोग्रॅमला कमी आजारी वाटत. ही चूक सुधारली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले.

आता आपला विचार करा. दात, चष्मा, सगळ्या रक्ततपासण्या भारतवारीत उरकून घेणारे आपल्यात कमी नाहीत. इथल्या नोंदीत ते काहीच दिसत नाही. अशा कोऱ्या कागदावरून संगणक आपल्याला ठणठणीत समजू शकतो, असे आम्हाला वाटते.

४. कायदा : किती जणांवर तपासायचे?

अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शनात ऑक्सिमीटरची चाचणी किमान १० जणांवर घ्यावी आणि त्यांत निदान दोघे किंवा १५ टक्के गडद त्वचेचे असावेत, एवढीच अपेक्षा होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात हा आकडा १५० किंवा अधिक सुचवला आणि त्वचेच्या सर्व छटा घेण्यास सांगितले. ब्रिटनमध्ये प्रा. मार्गारेट व्हाइटहेड यांच्या समितीचा वैद्यकीय उपकरणांतल्या भेदांवरचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला.

प्रत्येक सूत्रात वंश घातला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले दिसे आणि उपचार लांबत. २०२१ मध्ये तो गुणक काढलेले सूत्र आले.

५. आपण काय करायचे?

- चिमटीच्या एका आकड्यावर विसंबू नका. बोट गरम ठेवा, नेलपॉलिश काढा, आकडा दिवसभरात कसा बदलतो ते लिहून ठेवा. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा चांगला असला तरी दवाखाना गाठा.
- बीएमआय २३ किंवा जास्त असेल तर साखर तपासायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कमरेचा घेरही मोजून घ्या.
- भारतातल्या तपासण्यांचे कागद इथल्या डॉक्टरांच्या नोंदीत घालून घ्या. आईबाबा इकडे येतील तेव्हा त्यांचेही.
- जमेल तिथे संशोधनात सहभागी व्हा. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाईंच्या हृदयविकाराचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० मध्ये शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात सुरू झाला, तेव्हा ९०६ जण पुढे आले. आपल्याबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेच अशा लोकांमुळे.

आम्ही डॉक्टर नाही, तेव्हा हा लेख सल्ला म्हणून नव्हे तर माहिती म्हणून वाचावा. पण शिंप्याने दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आपण दुकानातच अंगाला लावून बघतो. तसेच पुढच्या वेळी डॉक्टरांनी "आकडे उत्तम आहेत" असे सांगितले, तर आनंदाने मान हलवा आणि एवढे जरूर विचारा : "हे उत्तम कोणाच्या मापाने?"

आपले अनुभव आणि प्रश्न जरूर कळवा.