मानशीच्या दाराची कुळकथा

अलिबाग-पेणच्या खारेपाटात ज्याला जिताडा म्हणतात, तोच मासा गोव्यात चोणक होऊन ताटात येतो. पावसाळ्यात तो खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्लं भरतीबरोबर वर चढत खाडीकाठच्या सखल शेतांत, तळ्यांत शिरतात. बांध शाबूत असेल तर आत जायला त्यांना वाट एकच असते, ती म्हणजे बांधातलं दार. रायगडात त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. पिल्लांची ही वाट आणि दाराची जागा नेमकी एकच आहे हे ध्यानात आल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे: हे दार जन्मलं ते माशासाठी. भातशेतीने ते नंतर आपलंसं केलं.

आधी दार नीट पाहू. चिऱ्यांनी बांधलेल्या अरुंद तोंडात लाकडी झडपा वरच्या कडेवर टांगलेल्या असतात. भरती चढू लागली की बाहेरचं खारं पाणी झडपेला रेटतं आणि ती चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, मग आतलं पाणी तीच झडप बाहेर ढकलतं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी नदीत निघून जातं. एरवी कुणाचा हात लागत नाही, झडप मुद्दाम उघडी ठेवली तरच भरती आत येते. खाचांत फळ्या सरकवल्या की आतलं पाणी हवं तेवढं रोखता येतं, आणि ओहोटीच्या वेळी तोंडाशी निमुळतं जाळं बांधलं की पाण्याबरोबर निघालेली कोळंबी आणि मासळी आयती त्यात येते.

सर्वमान्य इतिहास थोडक्यात सांगतो. मांडवी-जुवारीच्या काठांवर आणि गोव्यातल्या इतर खाड्यांलगत खाजणं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या अशा सखल जमिनी, सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. बांध गावकरीने, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेने राखले आणि १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली.

ही विद्या पोर्तुगीजांनी आणली, हे मत मला अजिबात पटत नाही. तिसवाडी त्यांच्या हाती आली १५१० मध्ये, आणि १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, त्यांनी गावकरीचे जे रिवाज लिहून घेतले ते तेव्हाच जुने म्हणून नोंदले गेले. त्याच्याही कितीतरी आधी, सहाव्या शतकाच्या आसपास, मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या बांदिवडे ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचं दान आहे आणि बांध घालून समुद्राचं खारं पाणी अडवण्याची गोष्टही आहे.

खरा प्रतिवाद याच ताम्रपटावर उभा राहतो. त्यात बांध आहे, शेत आहे, मग आधी शेतीच नव्हे का? त्याला जोड मिळते ती पोयीची. पोय म्हणजे मानशीच्या आतला खोल पाणथळ भाग. भरतीत दार बंद असताना जोराचा पाऊस पडला तर शेतातलं पाणी काही तास कुठेतरी थांबायला हवं, ते या पोयीत थांबतं. म्हणजे दार आणि पोय दोन्ही निचऱ्यासाठीच, मासे हा वरकड लाभ. हा युक्तिवाद भक्कम आहे.

पण तो बांधाचा खर्च कसा भागला हे सांगत नाही. मातीचा बांध दर पावसाळ्याआधी डागडुजी मागतो. खेकड्यांनी बिळं केली की पाणी झिरपू लागतं आणि हयगय झाली की खांड पडते. खाजणात कोरगूटसारखं खारं पाणी सोसणारं भात पिकतं, तेही वर्षातून एकदाच. गोव्यात मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो आणि बांध राखण्याचा पैसा परंपरेने त्या लिलावातून उभा राहत आला. थोडक्यात, मासळीने भात पोसलं. जी गोष्ट खर्च पेलते तीच मुळाशी असणार, असं मी धरतो. खाडीच्या चिंचोळ्या फाट्यावर ओहोटीत मासे अडवणाऱ्यांनी आधी कुडाचा आडोसा केला, त्याला पुढे झडप आली, आणि झडपेमागची जमीन गोड होऊ लागली तेव्हा कुणीतरी तिथे बी फेकलं, असा क्रम मला दिसतो. ताम्रपटातला बांध हा या क्रमातला पुढचा टप्पा.

हे दार गोव्यापुरतं नाही. केरळातल्या पोक्कळी शेतांत आजही जून ते ऑक्टोबर भात आणि पुढे एप्रिलपर्यंत कोळंबी घेतात, दार तेच. पश्चिम आफ्रिकेच्या खारफुटीत शेतकरी बांधात ताडाचं पोकळ खोड घालून त्याला बूच मारत. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या भरतीच्या भातशेतीतही आधी पोकळ ओंडका होता, टांगती झडप नंतर आली. ही विद्या गुलामगिरीत नेलेल्या आफ्रिकी लोकांची, असं ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मध्ये ‘ब्लॅक राइस’मध्ये मांडलं, इतर इतिहासकारांनी त्याला जोरदार विरोध केला. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की साधा अडसर आधी आणि झडप नंतर ही चाल दूरच्या किनाऱ्यावरही घडली. गोव्याने ती कुणाकडून उसनी घेतली असं मानायची गरज नाही. भरती सगळीकडे सारखाच धडा देते.

ही कुळकथा आज कामाची आहे. पोय वाढावी म्हणून बांध मुद्दाम फोडला जातो, शेतं खारी होतात, आणि मग मानशीवरचा मच्छीमार उपरा ठरवला जातो. दाराच्या वंशावळीत तो थोरला आहे. पण थोरल्याने बांध राखायचा असतो, म्हणून लिलावाच्या करारात डागडुजीची अट पहिली असावी आणि झडप कधी उघडायची हे भातवाल्याने आणि मासेवाल्याने एकत्र बसून ठरवावं.