बाळ ‘पायाळू’ आहे म्हणजे नेमकं काय? शेवटच्या महिन्यांत पोटातलं बाळ फिरतं कसं, आणि फिरलं नाही तर?

सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ब्रीच’ हा शब्द दिसला की घरात कुजबुज सुरू होते. बुलढाणा तालुक्यातलं देऊळघाट असो की राज्यातलं दुसरं कुठलं गाव, या इंग्रजी शब्दाला मराठीत जुना शब्द आहे: पायाळू. म्हणजे डोक्याऐवजी पायाकडून जन्माला येणारं मूल.

पण सातव्या महिन्यातल्या त्या रिपोर्टला फारसा अर्थ नसतो. 28व्या आठवड्याच्या सुमारास साधारण दर चार-पाच बाळांमागे एकाचं डोकं वरच असतं. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन ते चार इतकं खाली येतं. म्हणजे बहुतेक बाळं आपली आपणच फिरतात.

बाळ का फिरतं?

गर्भाशयाचा आकार उलट्या ठेवलेल्या नासपतीसारखा असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. सुरुवातीला बाळ लहान आणि भोवती पाणी भरपूर, त्यामुळे ते सकाळी एका बाजूला तर संध्याकाळी दुसऱ्या बाजूला असतं. वाढ झाल्यावर जागा कमी पडते. तेव्हा ढुंगण आणि दुमडलेले पाय हा मोठा पसारा वरच्या रुंद भागात मावतो आणि डोकं खाली जातं.

काही बाळं फिरत नाहीत. जुळी असतील, पाणी जास्त किंवा कमी असेल, वार खाली असेल, गर्भाशयात गाठ असेल किंवा त्याचा आकार वेगळा असेल तर ही शक्यता वाढते. अनेकदा कोणतंच कारण सापडत नाही. बाई कोणत्या कुशीवर झोपली, काय उचललं, काय ओलांडलं यावर दोष टाकण्यात काहीच तथ्य नाही.

पायाळू म्हटली जाणारी सगळी बाळं पायाकडून येतही नाहीत. बहुतेकांचं ढुंगण खाली आणि पाय सरळ वर, तोंडाजवळ असतात. काही मांडी घातल्यासारखी बसलेली असतात. एक किंवा दोन्ही पाऊलं सगळ्यात खाली असणारी बाळं त्यामानाने कमीच. याशिवाय काही बाळं आडवी असतात. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाच्या प्रकारांत या आडव्या बाळाला ‘परिघ’ म्हटलंय, म्हणजे दाराचा अडसर. उपमा अगदी चपखल आहे, कारण दिवस भरलेलं आडवं बाळ त्याच स्थितीत खालून जन्माला येऊच शकत नाही. तिथे सिझेरियनच करावं लागतं.

धोका नेमका कशाचा?

बाळाचं डोकं हा त्याच्या शरीराचा सगळ्यात मोठा आणि टणक भाग. ते आधी आलं की मागचं अंग सहज येतं. ढुंगण किंवा पाय आधी आले, तर पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधीच धड बाहेर येऊन डोकं आत अडकू शकतं. दुसरा धोका नाळेचा. बाळ आडवं असेल किंवा पाऊल खाली असेल तर पाणी फुटताना नाळ बाळाच्या आधी खाली घसरू शकते. ती दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग प्रश्न मिनिटांचा असतो.

2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये 26 देशांतल्या दोन हजारांहून जास्त गरोदर बायांवरचा अभ्यास आला. ब्रीच बाळांसाठी ठरवून केलेलं सिझेरियन जास्त सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर जगभर अशा बाळंतपणांत सिझेरियन वाढलं. पुढे दोन वर्षांनी त्यातल्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. त्यामुळे अनुभवी डॉक्टर आणि ऑपरेशनची तयारी असेल तर निवडक बायांचं ब्रीच बाळंतपण आजही खालून होतं. पण ‘अनुभवी’ आणि ‘तयारी’ या दोन अटी सोडून चालत नाही.

पोट चोळून बाळ फिरवता येतं का?

हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. घरी कुणाकडून पोट चोळून घेणं धोक्याचं आहे. वार सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो आणि त्या वेळी बाळाचे ठोके बघायला कुणी नसतं. डॉक्टर मात्र बाहेरून हाताने बाळ फिरवू शकतात. पहिलटकरणीत 36व्या आणि बाकीच्यांत 37व्या आठवड्यानंतर, सोनोग्राफीत बघत, ठोक्यांवर लक्ष ठेवून आणि गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशा ठिकाणीच हे करतात. साधारण निम्म्या वेळा ते साधतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. ओणवं राहणं, उशा घेऊन कंबर उंच करणं यांनी बाळ फिरतं, याला पुरेसा पुरावा नाही.

देऊळघाटच्या बाईने काय करायचं?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अजून आहे. त्यामुळे तपासण्या सासरी आणि बाळंतपण माहेरी असं होतं आणि कागद मागे राहतात. माता-बाल कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत हवेतच. 36व्या आठवड्यात बाळाची स्थिती पुन्हा तपासून घ्यावी. पोटावर हात ठेवून सिस्टरला अंदाज येतो. शंका असेल तर सोनोग्राफी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते.

सिझेरियनची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. देऊळघाटला बुलढाणा शहर जवळ आहे, ही जमेची बाजू. जिल्ह्यातच सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांना जिल्ह्याचं ठिकाण कितीतरी लांब पडतं. म्हणून बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर कळा सुरू व्हायची वाट न पाहता कुठे जायचं हे आधीच ठरवावं. सरकारी दवाखान्यात सिझेरियन आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. पाणी फुटलं तर 102 किंवा 108 ला लगेच फोन करावा. नाळ बाहेर दिसली तर तिला हात लावू नये, आत ढकलू नये. बाईने गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून राहावं.

आणि ते गुप्तधन?

पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी किंवा धन दिसतं, त्याची लाथ बसली की कंबरेची उसण जाते, अशा समजुती महाराष्ट्रात जुन्या आहेत. उसणीपर्यंत ठीक, त्यात कुणाचं फार बिघडत नाही. गुप्तधनाच्या नादात मात्र पायाळू मुलांच्या जिवावर बेतू शकतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुप्तधन किंवा पाणी शोधण्यासाठी केलेलं अमानुष कृत्य हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

पायाळू बाळाबद्दल खरी ठरलेली एक गोष्ट मात्र घरात फारशी बोलली जात नाही. शेवटच्या आठवड्यांत डोकं वर असलेल्या बाळांत, मुलींत जास्त, खुब्याचा सांधा नीट न बसण्याची शक्यता वाढते. बाळ सिझेरियनने झालं असलं तरीही. जन्मल्यावर आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे खुबे डॉक्टरांना दाखवावेत. लवकर लक्षात आलं तर पट्ट्यांवर काम भागतं, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशन लागू शकतं.