नाळेतले रक्त : कोणाचे, कोणासाठी?

गावाची ओढ न सुटणाऱ्या माणसाला आपण थट्टेने विचारतो, "काय रे, तुझी नाळ तिथं पुरली आहे का?" माझी खरोखरच पुरलेली आहे. पोलादपूरकडच्या आमच्या घरी सुईणीने ती कापली आणि आजीने परसातल्या फणसाखाली पुरली. तिच्याबरोबर वारही मातीत गेली, आणि तिच्यात उरलेले कपभर रक्तही. त्या रक्ताची कोणाला गरज पडेल, असे सुईणीच्या स्वप्नातही आले नसेल. डॉक्टर मंडळींनाही त्या काळी ते टाकाऊच वाटे.

हे आठवायचे कारण माझी भाची. गेल्या पावसाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. ताईचे घर इथेच, खांदा कॉलनीत, आमच्या मागच्या गल्लीत आहे. सातव्या महिन्यात एक तरुण गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन त्यांच्याकडे आला. बाळाच्या नाळेतले रक्त गोठवून ठेवा, हा त्याचा जन्मभराचा विमा आहे, असे त्याचे म्हणणे. रक्कम पाऊण लाखाच्या घरात. हप्त्यांची सोय होतीच. जावईबापू सही करायला निघाले होते. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही इतिहास शिकवता खरे, पण यातले काही वाचून सांगाल का?" मी म्हटले, अगं, यालाही इतिहास आहे. तोच आधी पाहू.

आपले रक्त हाडांच्या मगजात तयार होते. तिथे काही मूळपेशी असतात. त्यांच्यापासून तांबड्या, पांढऱ्या अशा सगळ्या रक्तपेशी जन्मभर निपजत राहतात. हा कारखानाच बिघडला, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला किंवा थॅलसेमियासारखा जन्मजात दोष असला, तर दुसऱ्याचा निरोगी मगज देऊन तो नव्याने सुरू करता येतो. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी 1950 नंतरच्या दशकात या खटपटीला आरंभ केला; 1990 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे 1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. मगज दिला तिच्या भावाने. भारतातले हे पहिले यशस्वी मगजरोपण. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात हिंडत, हे जाता जाता सांगतो. पुढे टाटाचा हा विभाग खारघरला गेला. आमच्या खांदेश्वर स्टेशनापासून मुंबईच्या बाजूला ते दुसरेच स्टेशन. रोज लोकलने तिथून जाणाऱ्या किती जणांना याची कल्पना असेल?

अडचण असते ती जुळणीची. मगज कोणाचाही चालत नाही. सख्ख्या भावंडाशी तो पुरता जुळण्याचा संभव चारांत एक. न जुळला, तर परक्यांत शोध घ्यायचा.

आता 1988 सालच्या पॅरिसकडे वळू. अमेरिकेतल्या एका पाच वर्षांच्या मुलाला फँकोनीचा रक्तक्षय होता. या आजारात मगज हळूहळू निकामी होत जातो. त्याची आई पुन्हा गरोदर होती. पोटातल्या मुलीला हा आजार नाही आणि तिची पेशीजुळणी भावाशी होते, हे न्यूयॉर्कच्या डॉ. अर्लीन ऑअरबाख यांच्या तपासणीतून कळले होते. नाळेच्या रक्तातही मूळपेशी भरपूर असतात, हे इंडियानाचे हॅल ब्रॉक्समायर यांनी प्रयोगशाळेत पडताळले होते. मुलगी जन्मली तेव्हा एरवी वारेबरोबर फेकले जाणारे ते रक्त जपून घेतले, गोठवले, आणि ब्रॉक्समायर यांनी स्वतः विमानातून पॅरिसला नेले. सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते त्या भावाच्या शिरेत सोडले. मुलगा बरा झाला, मोठा झाला.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. ते रक्त कोणाचे होते? बहिणीचे. वाचला कोण? भाऊ. त्या मुलाच्या स्वतःच्या जन्माच्या वेळचे रक्त कोणी साठवून ठेवले असते, तरी काही उपयोग नव्हता; कारण त्यातही तोच दोष असता. पुस्तिकेतल्या 'विम्या'ची सगळी गोम इथे आहे. थॅलसेमिया असलेल्या बाळाच्या नाळेतही थॅलसेमियाच. लहानपणी होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे बीज तर पुष्कळदा जन्माआधीच पडलेले आढळते. शिवाय कपभर रक्तातल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात.

न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्राने 1990 नंतर लगेच दानपेढी काढली ती हे ओळखूनच. तिथे आईने रक्त द्यायचे, पैसे द्यायचे नाहीत, आणि ज्याच्याशी जुळेल त्याने ते घ्यायचे. पुढे आल्या खासगी पेढ्या. त्यांनी 'ज्याचे त्याला' हे सूत्र धरले आणि भाडे लावले. आपल्या देशात दानपेढ्या फारशा रुजल्या नाहीत, खासगी मात्र फोफावल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे, की स्वतःच्या भावी उपयोगासाठी रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. मात्र घरात आधीच एखादे मूल अशा आजाराने आजारी असेल, तर धाकट्याच्या जन्माच्या वेळी हे रक्त अवश्य राखावे. मग ते पॅरिसचेच उदाहरण झाले. त्यासाठी बाळंतपणाच्या पुष्कळ आधी रक्तविकाराच्या डॉक्टरांशी बोलायला हवे.

दानाला आता दुसरीही वाट आहे. चेन्नईच्या 'दात्री'सारख्या संस्था तरुणांच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घेऊन त्यांची नोंद ठेवतात. कोणाशी जुळले तर बोलावतात. शिक्षकांनी बारावीपुढच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नव्हते. बाळ जन्मल्यावरही नाळेतून त्याच्याकडे रक्त जात असते. नाळ लगेच बांधू नये, ठोके थांबू द्यावेत, असे इरॅस्मस डार्विन यांनी 1801 साली लिहून ठेवले. हे चार्ल्स डार्विनचे आजोबा. जागतिक आरोग्य संघटनाही आज सांगते, की निदान एक मिनिट थांबा. बाळाला लोह मिळते, रक्तक्षय टळतो. आपल्याकडच्या पुष्कळ सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापीतच नसत. आम्ही शिकलेली माणसे त्यांना अडाणी म्हणत आलो! पेढीसाठी रक्त जास्त हवे, तर नाळ लवकर बांधण्याचा मोह होतो. बाळाच्या वाट्याचे रक्त बाळाच्याच नावाने बाटलीत, असा हा व्यवहार होऊ शकतो.

भाचीने हे ऐकले, प्रसूतितज्ज्ञ बाईंना विचारले, आणि पुस्तिका परत केली. तिची थॅलसेमियाची तपासणी आधीच झाली होती, ती निर्दोष होती. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. बाई दोन मिनिटे थांबल्या, मग नाळ कापली. वार रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीत गेली. आठव्या दिवशी बेंबीवरचा वाळका तुकडा गळून पडला, तेव्हा ताई म्हणाली, "अरे, इथं परस कुठून आणू?" आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीत, तिने तो बोटभर खोल पुरला.