तहाचे सातवे कलम

वसाहतीचे राष्ट्र कसे होते याचा दाखला म्हणून ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाकडे बोट दाखवले जाते. ते योग्यच आहे. पहिल्याच कलमात इंग्लंडच्या राजाने तेरा वसाहतींची नावे घेऊन त्यांचे स्वातंत्र्य व सार्वभौमत्व मान्य केले; आपला आणि आपल्या वारसांचा हक्क सोडला. १७७६ चा जाहीरनामा हा एका पक्षाचा दावा होता. तहाने त्यावर प्रतिपक्षाची सही घेतली.

परंतु मी सातव्या कलमापाशी अडतो. परतणाऱ्या इंग्रज सैन्याने अमेरिकनांचे निग्रो किंवा इतर मालमत्ता नेऊ नये, असे ते कलम सांगते. माणूस आणि मालमत्ता एकाच ओळीत! १७८२ च्या प्राथमिक मसुद्यात ही अट घालायला लावणारे हेन्री लॉरेन्स एकेकाळी गुलामांचे बडे व्यापारी होते.

बंडखोर मालकांचे गुलाम आपल्याकडे आले तर त्यांना आसरा देऊ, असे इंग्रजांनी १७७९ मध्ये जाहीर केले होते. त्यामागे कळवळा नव्हता, शत्रूला खिळखिळे करण्याचा डाव होता. कॅरिबियन बेटांवर त्यांचे स्वतःचे ऊसमळे गुलामांच्याच घामावर चालत होते. तरीही हजारो गुलाम जीव मुठीत धरून पळाले. मे १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ही माणसे परत मागितली. इंग्रज सेनापती कार्लटन यांनी नकार दिला: जाहीरनाम्यानुसार तहाआधी आलेले आता कुणाची मालमत्ता नाहीत. सुमारे ३,००० जणांची नावे वहीत नोंदवून त्यांना न्यूयॉर्कहून जहाजांनी, बहुतेकांना नोव्हा स्कोशियाला, पाठवले गेले. त्यांत हॅरी वॉशिंग्टन होता. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मळ्यातून पळालेला. स्वातंत्र्याच्या सेनापतीपासून पळून त्याला स्वातंत्र्य शोधावे लागले!

आणि आदिवासी? मिसिसिपी नदीपर्यंतची भूमी तहाने नव्या राष्ट्राला दिली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जमातींचा तहात उल्लेखसुद्धा नाही.

म्हणून हा तह खोटा ठरतो काय? नाही. परकी सत्ता जाणे ही मोठीच गोष्ट आहे. पण सार्वभौमत्व राज्याला मिळाले, ते राज्यातल्या प्रत्येक माणसापर्यंत पोचले नाही. गुलामगिरी घटनेने रद्द व्हायला १८६५ साल उजाडले. मध्ये ८२ वर्षे आणि एक यादवी युद्ध गेले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली, ती त्यांनी राजाला हरवले म्हणून नव्हे, गुलामांना मुक्त केले म्हणून. अमेरिकेच्या इतिहासातली कोणती घटना आपली, हे जोतीरावांना नेमके कळले होते.