बंडल

बुलढाण्यात किराणा दुकानात 'एक बंडल द्या' म्हटलं की विड्या समोर येतात. बँकेच्या हिशोबात शंभर नोटांचं पाकीट आणि अशा दहा पाकिटांचं बंडल. आपण मात्र पाकिटालाच बंडल म्हणतो. पिक्चर भिकार निघाला तर तोही बंडल!

शब्दांचा आपल्याकडे दुष्काळ नव्हता. मेथीची जुडी, लाकडांची मोळी, कडब्याची पेंडी, रुईची गठाण. १८७० साली लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करायला आला तो कापसासाठीच. दाबून बांधलेल्या गठाणी जलंबमार्गे मुंबईला, तिथून जहाजाने विलायतेला जायच्या. साहेब गठाणीला 'बेल' म्हणायचा, पण आपल्याकडे ती गठाणच राहिली.

बंडल मात्र रुळलं, ते दुकानातल्या मोजून बांधलेल्या मालाबरोबर. जुडी नजरेने पारखता येते, बंडल सोडून मोजावं लागतं. 'बंडल मारणे' म्हणजे थापा मारणे, हा अर्थ त्या अविश्वासातूनच आला असावा, असा आपला माझा अंदाज.

आजोबा विडीचं बंडल सोडून दुकानातच मोजायचे. मी परवा ऑनलाइन 'बंडल ऑफर' घेतली: चार्जर, केबल, कव्हर. कव्हर भलत्याच मोबाइलचं निघालं.